क्लॅरिनेट विकू नकोस

दादास धाकटीचा नमस्कार.

तू क्लॅरिनेट विकायला काढलंस, हे काल फोनवर आईनेच सांगितलं. "ऐकतंय कोण?" असं म्हणालास म्हणे.

इथे लाँड्रीच्या तळघरात दर रविवारी तिघे वाजवतात. न्हावी जॅझ वाजवतो, नर्स अ‍ॅकॉर्डियनवर लोकगीतं, आणि एक निवृत्त ड्रायव्हर दोघांना ढोलकाने सांभाळून घेतो. त्यांना कुणी ओळखत नाही. ऐकायला आम्ही चौघं. मागे तापामुळे मी गेले नाही, तर न्हावी पाच जिने चढून विचारायला आला, "खुर्ची रिकामी का?" त्या आठवड्यात माझं दार तेवढं एकदाच वाजलं. तापाचं आईला सांगू नकोस.

त्यांचं रेकॉर्डिंग पाठवलंय; नर्सचं आधी ऐक. वहिनीचा गुडघा कसा आहे?

येत्या रविवारी सकाळी फोन करीन. तू काही बोलू नकोस, नुसतं वाजव.

तुझी,
पाचव्या जिन्यावरची धाकटी