बकुळीच्या शेंगा

२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. सातवा महिना लागला. म्हणाली, बाबा, बाळाचं नाव झाडाफुलावरून ठेवायचंय, तुम्हीच सुचवा, तुमचं आयुष्य बागेत गेलं. तिच्या शाळेपासून लग्नापर्यंत या घरातला प्रत्येक निर्णय मला सगळं ठरल्यावर कळला. हा पहिलाच माझ्या हातात आलाय. सोडायचा नाही.
संकल्प : रोज दहा नावं. आठ दिवसांत फायनल.

३ फेब्रुवारी
एकही नाव नाही. वही आखली. लाल शाईने समास. पाया पक्का हवा.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
ही म्हणते, तुम्ही बागेत पाट्या रंगवत होता, झाडं लावत नव्हता. हिला फरक कळत नाही. झाडाला पाणी कुणीही घालेल, नाव कोण देणार? मधल्या रस्त्यावरच्या एक्केचाळीस झाडांच्या पाट्या माझ्या हातच्या. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं. बावीस वर्षांत एक काना उडालेला नाही.

९ फेब्रुवारी
नावं अकरा. त्यातल्या चार भाज्या असल्याचं हिने दाखवून दिलं. वजा. जुई, शेवंती, अबोली बाद. ज्याला पाटी बांधता येते तेच खरं झाड, बाकी सगळा पाला. नात होणार हे नक्की. माझा अंदाज चुकत नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी
व्याही येणार आहेत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पुस्तकी माणूस.
संकल्प : व्याह्यांशी वाद घालायचा नाही.

१२ फेब्रुवारी, दुपारी
वाद झाला. सुरुवात त्यांनी केली. कुणी विचारलं नसताना म्हणाले, कांचन कसं वाटतं? मुलगा झाला तरी चालेल. मी दहा मिनिटं बोललो. ते गप्प बसले. याला उद्धटपणा म्हणतात.
कांचन नको. जुनाट आहे. शिवाय व्याह्यांनी सुचवलंय. दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

१८ फेब्रुवारी
सापडलं. बकुळ!
खात्री करायला बागेत गेलो. रांगेतलं सातवं झाड. पाटी नव्यासारखी. खालच्या बाकावर अर्धा तास बसलो. यंदा बकुळीला शेंगा भरपूर धरल्या आहेत. बकुळीच्या वासाचं लोक एवढं कौतुक करतात, मला मात्र बावीस वर्षांत तो कधी आला नाही. ऑइल पेंटने माझं नाक गेलं. कलेपायी माणूस काय काय गमावतो.

१९ फेब्रुवारी
लेकीला आवडलं. म्हणाली, एकदा झाड डोळ्यांनी बघते, मग पक्कं. रविवारी सगळे येणार. व्याहीसुद्धा. येऊ देत. मी छोटंसं भाषण लिहितोय.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३
भाषण पाठ. शर्टाला इस्त्री.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी
भाषण चांगलं चाललं होतं. व्याह्यांनी वर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. हळूच म्हणाले, हा करंज आहे, बकुळीला शेंगा येत नाहीत. मी पाटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, हा लेखी पुरावा.
मग ते सगळी रांग फिरून आले. खरी बकुळ पस्तिसाव्या जागी आहे, करंज नावाने. आंब्याला मी जांभूळ केलंय. लोक बावीस वर्षं त्या जांभळाचे आंबे खातायत.
हेडमाळी शेजारीच गवत काढत होता. म्हणाला, बागेच्या साहेबांनी पाट्यांसाठी दिलेल्या यादीत झाडं पुढच्या गेटपासून मोजलेली होती, तुम्ही मागच्या गेटपासून पाट्या बांधत आलात. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलला का नाही, असं विचारलं, तर म्हणे, झाडांची काही तक्रार नव्हती.
मागच्या गेटला सायकल लावायला सावली होती. माझं चुकलं ते एवढंच.
लेक इतकी हसली की तिला बाकावर बसवावं लागलं. जावईही हसले. व्याही तेवढे हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. इतक्या वर्षांनी एक गोष्ट माझ्यावर सोपवली होती. गेली.

२५ फेब्रुवारी
जेवलो नाही. (नंतर थोडं.) पुन्हा लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, सगळ्या रांगेत एकच पाटी बरोबर आहे. अगदी मधली, एकविसावी. कुठल्याही गेटने मोजा, तीच येते. तेच नाव ठेवणार, म्हणजे नाव तुमच्याच पाटीवरचं होईल. मी घाईघाईने हो म्हणून टाकलं. एकविसावी पाटी कुठली, ते विचारायचं राहिलं.

२६ फेब्रुवारी
बागेत जाऊन पाहिलं. कांचन.
भारदस्त नाव आहे. मुलगा झाला तरी चालेल. आणि मूळ कल्पना माझीच. माझी पाटी बावीस वर्षांपूर्वीची, व्याह्यांचं बोलणं दोन आठवड्यांपूर्वीचं.

१९ एप्रिल
नात! अंदाज चुकला नाही. दोघी सुखरूप. पाळण्यासाठी वीतभर पाटी रंगवून ठेवली होतीच. पिवळ्यावर काळं. रिबीन बांधली.

२० एप्रिल
दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचलो. लेक झोपली होती. नर्स म्हणाली, बाळांच्या खोलीत जा, दारापासून तिसरा पाळणा. पाटी बांधली. दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून बसलो आणि मनातलं सगळं बोललो. म्हटलं, तुझ्या आजोबाने चाळीस झाडांना भलतीच नावं दिली, पण तुझी पाटी बरोबर जागी लागली, आता मला कशाचंच दुःख नाही. बाळाने माझं बोट घट्ट धरलं. रडलो. नाक तर हुबेहूब माझं.
तेवढ्यात एक अनोळखी बाई आल्या. पाटी वाचली. म्हणाल्या, आजोबा, नाव छान आहे, पण हा आमचा मुलगा.
खोलीला दोन दारं आहेत. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.