पेंटशॉपमधला नमस्कार

आप्पा, तुमचा हात अजून चालतो. भीमेपलीकडे, शिरूरच्या बाजूला, तुमच्याच कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये. मी तो पाहिला. विद्यापीठात मी रोबोटिक्स आणि ऑटोमेशन शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्हाला कारखाने वाटून दिले तेव्हा हा माझ्या वाट्याला आला. मी मागितला नव्हता. तुम्ही इथं होतात हे मी कुणाला सांगितलेलंही नाही.

राहू गावातल्या आपल्या घरातली ती संध्याकाळ आठवते. तुम्ही मोरीत हात धुताय, नखांतला रंग निघत नाही. आई भाकरी थापतेय. तुम्ही म्हणता, "आज मशीनचा हात धरून शिकवलं. म्या रंगाची गन फिरवायची आन् त्येनं ध्यानात ठेवायचं. एकदाच दावायचं, पुना न्हाई." तव्यावरची नजर न काढता आई म्हणते, "पोरीला सायकल शिकवाया टाईम न्हाई, आन् लोखंडाला शिकवत्यात." तुम्ही हसलात. "लोखंड पडत न्हाई गं. रडत बी न्हाई." पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. सायकल मी नंतर दौंडला, मामाकडं शिकले.

आमच्या पुस्तकात या पद्धतीला आता जेमतेम एक पान आहे. माणूस यंत्राचा हात धरून काम करून दाखवतो, यंत्र ती वाट जशीच्या तशी साठवतं. त्यात माणसाच्या सवयीही आल्या. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं, तेव्हा तुमची आठवण झाली नव्हती.

पहिल्या दिवशी यंत्राभोवतीच्या कुंपणाबाहेर उभी होते. पत्रा समोर आला. हात खाली आला, गन पत्र्याला टेकल्यासारखी थांबली, मग वर गेली, क्षणभर तिथंच राहिली. मग रंग सुरू झाला. प्रत्येक पत्र्याला तेच. बिहारकडचा ऑपरेटर म्हणाला, "सलामी देता है, मॅडम. पहले सलाम, फिर काम. बहुत संस्कारी है." पेंटशॉपचे साहेब हसले नाहीत. "हे उगाच वर जातंय, वेळ खातंय. तुझा प्रोजेक्ट हाच. तेवढं कापून टाक."

गाडीला किक मारण्याआधी तुम्ही टाकीला हात लावून कपाळाला लावायचात. आजोबा कळप सोडताना पहिल्या मेंढीच्या पाठीला हात लावायचे, तसंच. त्या दिवशी तुमच्या हातात यंत्राचा हात होता. काम सुरू करायचं म्हणून तुमचा हात कपाळाकडे गेला, त्याचाही गेला. तुमच्या ध्यानातही आलं नसेल.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी वेग कमी करून ती हालचाल चालवली. हात वर गेला तिथं थांबवला आणि कुंपणाचं दार उघडून आत गेले. तुम्ही उभे राहिला असाल तिथं उभी राहिले. गनचं टोक माझ्या डोक्याच्याही वर होतं. तुम्ही इतके उंच होतात हे मी विसरले होते. घरात फोटो आहे तो बसलेला.

परवा प्रोग्रॅममधला तो तुकडा कापला. अवघड काही नव्हतं. आता पत्रा येतो आणि हात थेट कामाला लागतो. साहेब खूश आहेत. ऑपरेटर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अब मशीन लगता है." मी डबा खायला गेले.

आईला मी एवढंच सांगितलं की प्रोजेक्ट झाला. हा कागदही बॅगेतच राहील. कापलेला तुकडा माझ्याकडे आहे. विद्यापीठाच्या लॅबमधला यंत्राचा हात लहान आहे. त्यावर चालवला तर तो तुमच्या कपाळापर्यंत पोचणार नाही. माझ्या कपाळापर्यंत पोचेल. अजून चालवलेला नाही, पण मोजून ठेवलंय.