हनुवटीवरचे दाणे

तीर्थरूप चिमाजीमामांस, भाचा नवनाथ याचा साष्टांग नमस्कार. (कपाळ टेकवलं, हनुवटी टेकवता आली नाही. का, ते खाली येतंच.) मामीचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? फोनच केला असता, पण तुम्ही स्पीकर लावता आणि अख्खा पार कान टवकारून बसतो. हे प्रकरण दापोडीच्या स्थळाशी जोडलेलं आहे, म्हणून कागद.

मामा, माझ्या दाढीच्या जागी मुरूम पसरलाय. गळ्यापासून कानापर्यंत लाल लाल पुटकुळ्या, हात लागला की आईच आठवते. तुम्हाला ठाऊकच आहे, चाकणच्या कंपनीत मी पेंट शॉपला आहे. तिथं दाढी चालत नाही. गाडीच्या रंगात एक केस पडला तर सुपरवायझर आपल्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. म्हणून शिफ्टला निघण्याआधी रोज गुळगुळीत व्हायचं. आणि माझं काम काय, तर रंगवलेल्या दरवाज्यावरून हात फिरवायचा आणि दाणा लागला की घासून सपाट करायचा. दिवसभर हेच केलं की माणसाचा हात बिघडतो हो! मुलीचे वडील लक्ष्मणराव बोलणी करायला रूमवर येणार म्हटल्यावर मी आरशासमोर उभा राहिलो, हनुवटीवर हात फिरवला, तर दाणा. दाणा तसाच सोडणं म्हणजे आमच्या खात्यात महापाप. कातडी ताणून उलटा रेझर मारला. पुन्हा हात, पुन्हा दाणा, पुन्हा रेझर. इथं थांबलो असतो तर तुमचा भाचा कसला? टाच घासायची वजरी घेतली आणि घासलं. (कंपनीचा पॉलिश पेपर नाही वापरला, तुमची शपथ. तो संपला होता.) वरून ज्योतीरामचं आफ्टरशेव्ह ओतलं. ज्योतीराम म्हणजे माझा रूम पार्टनर. मी असा बोंबललो की वरच्या मजल्यावरचे लोक गॅस फुटला समजून जिन्यानं खाली पळाले.

अशा तोंडानं मी लक्ष्मणरावांना पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पेला हळूच खाली ठेवला. चहालाही शिवले नाहीत. जाताना म्हणाले, "घाई नको, आधी तब्येतीचं बघा." मामा, खरं सांगतो, त्यांची विजयश्री मला मनापासून आवडली आहे. एवढं चांगलं स्थळ पुटकुळ्यांपायी हातचं जायची वेळ आलीय.

मग निगडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, दाणे काही केल्या निघत नाहीत. त्या म्हणाल्या, निघतील कसे, रोज तुम्हीच पेरताय! माझे केस कुरळे (आजोळची देणगी, तक्रार नाही). ताणून, उलटं, बुडापासून कापले की टोक आत वळतं, कातडीत शिरतं आणि तिथं सूज धरते. हा लागट रोग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. महिनाभर रेझर बंद, टोकरणं बंद. पुढं दाढी करायची तर आधी गरम पाण्यानं भिजवायचं, ब्लेड धारदार हवं, केसांच्या कलानं हलक्या हातानं फिरवायचं, आणि थोडं खरखरीत राहिलं तर राहू द्यायचं. हे शेवटचं पथ्य मला फार जड जातंय. वजरीचं सांगितलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. रडून की हसून, विचारलं नाही. सुपरवायझरनं महिनाभरासाठी मला स्टोअरला पाठवलंय. तिथं दाढी वाढली तरी नटबोल्टांची हरकत नाही.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार.

आपला,
नवनाथ

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. मामा, लगेच एसटी पकडा, दापोडीला जा आणि लक्ष्मणरावांना सांगा की हे लागट नाही. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. मागच्या खेपेला तुम्ही त्यांच्या घरी चार तास बोललात, मध्ये कुणी एक शब्द काढला नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात विजयश्रीचा फोन आला. मामा, तिनं स्वतःहून केला! म्हणाली, "बाबांना मी सांगितलंय, माझ्या भावाचंही असंच होतं. माझा होकार आहे. फक्त तुमच्या मामांना मध्यस्थीला पाठवू नका. मागच्या वेळी त्यांनी आईला आमटी कशी करतात ते शिकवलं, ती अजून धुसफुसतेय." तेव्हा मामा, भाच्यावर जीव असेल तर घरीच बसा. लग्नाला मात्र नक्की या, पण जेवायला शेवटच्या पंगतीला बसा.