राखणीचा कुत्रा जवळ येऊन बसला तेव्हा

आबा, तुम्हांला जाऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी आज लिहावयास बसलो आहे. तुम्ही मला चौथीपर्यंतच शिकविले. परंतु भाषा मी बिघडू दिलेली नाही, हे तुम्ही पाहावयास हवे होते.

काष्टीच्या मळ्यातील ती सकाळ आठवते. आपला तांबडा कुत्रा बांध सोडून घराकडे कधी फिरकत नसे. त्या दिवशी तो सरळ स्वयंपाकघरात आला आणि चुलीजवळ, आईच्या पायाशी अंग टाकून पडला. मला कोण आनंद झाला. मी त्याच्यापुढे भाकरी धरतो आहे, तो तोंड फिरवितो आहे, आणि तुम्ही दारातून मला दटावता, "लाड नगं करू. राखणीचं कुत्रं आपनहून जवळ आलंय, आदी त्याला काय हुतंय ते बघ." तुम्ही त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोट चाचपले, पंजे उलटले. एका पंजात बाभळीचा काटा मोडून आत पिकला होता.

आता घरात मी एकटा असतो. तुमची सून गेली. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. एक काळा कुत्रा आहे, तोही मानी. फाटकाशी नेऊन दिलेली भाकरी खाई, पण अंगाला हात लावू देत नसे. गेल्या महिन्यात मात्र तो ओसरीवर येऊन माझ्या पायाला पाठ टेकून बसू लागला. शेजारीण म्हणाली, "अण्णा, लई जीव लावलाय की त्यानं तुमाला." त्या दिवसांत एकदा बसलो की मी लवकर उठत नसे. तुमचे शब्द आठवत होते, आबा. ते आठवू नयेत असे वाटत होते.

अखेर त्याने भाकरी नुसती हुंगून सोडली, तेव्हा मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. कानांमागे गोचिडांचे झुबके. टेम्पोत घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेले. गोचीडताप निघाला. आणखी उशीर केला असता तर कुत्रा हाती लागला नसता, असे डॉक्टर म्हणाले. इंजेक्शने झाली, गोळ्या मी गुळात लपवून चारल्या. आता तो ठणठणीत आहे. दिवसभर फाटकाशी बसतो. मी हात पुढे केला की उठून दूर जातो. लक्षण चांगले आहे.

परवा मुलाचा फोन आला. एरवी कामाचे बोलून मीच फोन ठेवतो. त्या दिवशी मात्र त्यास म्हणालो, घाई नसेल तर अजून थोडे बोल. तो पलीकडून हळूच म्हणाला, "अण्णा, तब्येत बरी हाय ना? खरं सांगा."

तुमचाच नातू. प्रकृती उत्तम आहे, असे सांगून मी फोन ठेवला. प्रकृती खरोखर उत्तम आहे.

हे पत्र धाडावयाचे कोठे, म्हणून घडी करून उशीखाली ठेवीत आहे. तुमच्यापाशी एवढेच मान्य करतो, की कुत्र्याची भाकरी मी आता फाटकाशी नेत नाही. ओसरीवर, माझ्या पायाशी ठेवतो.