गालिच्याखालचा गाळ

मी, ड्रायव्हिंग क्लास चालवणारी, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर माझेच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, तळमजल्यावरच्या क्लाससह, थोरल्या सुनेला द्यावे. थोरला गेल्यापासून क्लास तीच चालवते.

२. क्लासची पांढरी गाडीही तिचीच. ती मी सेकंडहँड घेतली होती, कारण नव्या गाडीची किंमत शोरूमच्या दारातच उतरते. ती झळ दुसऱ्याने सोसलेली बरी. सुनेने पुढेही असेच करावे. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील अशीच गाडी बघावी. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर मुकाट्याने परत यावे. ऑइल वेळेवर बदलावे. कंजुषी धुण्यापुसण्यात करावी, टायर-ब्रेकमध्ये नव्हे. आणि गाडी कोणाचीही असो, आपला मेकॅनिक सोबत न्यावा.

३. माझा दीर जुन्या गाड्यांचा व्यापार करतो. त्याला माझ्या मालमत्तेतले काहीही मिळू नये. कारण लिहिणे भाग आहे. थोरल्याने त्याच्याकडून गाडी घेतली तेव्हा मी म्हणाले होते, "मेकॅनिकला दाखव." तो हसला. "आई, घरच्या माणसाची काय परीक्षा घ्यायची?"

गाडी आरशासारखी चकचकीत होती. काही महिन्यांनी उतारावर ब्रेकची गंजलेली नळी फुटली आणि माझा मुलगा गेला. मेकॅनिकने त्या भंगारातला गालिचा उचलला, तर खाली वाळलेला गाळ. गाडी पुरात बुडालेली होती.

दीर भेटायला आला. म्हणाला, "वहिनी, मला खरंच ठाऊक नव्हतं."

मी विचारले, "भावजी, गालिचा नवा कोणी घातला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेला.

४. मी दिरावर भरलेला खटला माझ्यामागे सुनेने चालवावा. खर्च माझ्या बँकेतल्या ठेवीतून करावा. उरेल ते तिचे.

५. माझा देह दिराच्या कोणत्याही वाहनातून नेऊ नये.

६. धाकटा मुलगा अजून काकाच्याच दुकानात कामाला आहे. माझ्याशी बोलत नाही. त्याला काही देऊ नये, असे मी इथे लिहिले होते. सुनेला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"आई, त्याला वगळू नका."

"का? सख्खा भाऊ गेला, आणि हा रोज तिथेच जातो."

"त्याला कळलंय सगळं. परवा दारापर्यंत आला होता. मला पाहिलं आणि मागे फिरला. परत येईल तेव्हा त्याला कुठेतरी बसता आलं पाहिजे."

मी तिच्याशी भांडले. जिचा नवरा गेला ती असे म्हणते, यापुढे माझे काही चालेना. सबब, वरच्या मजल्यावरची खोली कलम १ मधून वगळून धाकट्याला दिली आहे. तो दुकान सोडो अगर न सोडो, येवो अगर न येवो, ती दुसऱ्या कोणाला देऊ नये. हे कलम मी माझ्या मनाविरुद्ध, परंतु पूर्ण शुद्धीत घातले आहे.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ११ जानेवारी
सही: ड्रायव्हिंग क्लासवाल्या बाई

आमच्यादेखत सही झाली:
१. डॉक्टरीणबाई
२. मेकॅनिक