अकराव्या वर्षाआधी

१२ जानेवारी

चि. प्रोफेसरसाहेब,
अ. उ. आ. (दात-ओठ खाऊन दिलेले.)

तुझ्या पुस्तकाची कच्ची छापील प्रत मिळाली. माणसाला भाषा कशी सुचली, हे सांगता सांगता चौथ्या प्रकरणात तू आपल्या धाकट्या बहिणीला उभं केलंस. जन्मापासून ऐकू न येणारी. अकराव्या वर्षी शाळेत हातांची भाषा शिकेपर्यंत जिच्या डोक्यात विचारच नव्हता, अशी. वर म्हणतोस, आदिमानव असाच असणार! जीभ कशी झडली नाही? प्रत तिलाही पाठवलीस. चष्म्याच्या दुकानात काचा घासून झाल्यावर, जेवणाच्या सुट्टीत तिने ती वाचली. तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही. हात खिशात.

आधी तिची माफी माग, मग माझ्या मायेची अपेक्षा ठेव.

तुझी ताई

१७ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

उगाच आकाशपाताळ एक करतेस. नाव कुठे घातलंय? शब्दांशिवाय विचार जुळत नाही, हे माझं वीस वर्षांच्या अभ्यासानंतरचं मत आहे. संपादक म्हणाले, तेच प्रकरण सर्वांत जिवंत झालंय. राग गिळ आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा भाऊ

२१ जानेवारी

ति. दादास,
नमस्कार. आशीर्वाद नकोत.

मी सात वर्षांची होते. सकाळी बाबा दिसले नाहीत. आईने खूण केली, कामावर गेले. पण त्यांचे बूट दारातच होते. दुसरा जोड नव्हता. ताईचे डोळे सुजलेले. म्हणजे बाबा चालत गेले नव्हते, त्यांना नेलं होतं. एवढं मी एकाही शब्दाशिवाय जुळवलं. बूट तुझ्यासमोर धरले. बाबा मेले का, हे विचारत होते. तू ते हिसकावून माळ्यावर फेकलेस.

भाषेचा एवढा पंडित तू, आणि माझी भाषा चोवीस वर्षांत शिकला नाहीस. ते प्रकरण छापलंस तर मला बहीण म्हणू नकोस.

धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद, नको असले तरी.

प्रकरण काढून टाकलं. संपादक भडकले, भडकू देत. बूट मला आठवतात. तू काय विचारतेयस तेही तेव्हाच कळलं होतं. सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुला काही कळत नाही असं मी ठरवून टाकलं. तेच पुढे अभ्यास म्हणून लिहिलं.

दोन आठवडे तुझ्या शाळेत हातांची भाषा शिकायला जातोय. बोटं वळत नाहीत, बाई वैतागतात. पहिलं वाक्य मी मागून घेतलं: हो, बाबा गेले.

रविवारी येतो. दार उघडशील एवढी माया अजून असू दे.

तुझा दादा