दोन खेपांची टाकी

तीर्थरूप हरणाआत्तीस, मलकापूरहून मल्हारचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईबापालाच लिहितात, असं आमचा कृष्णातशेठ म्हणाला. मी म्हटलं, मग बरोबरच लिहिलंय की.) गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस आणि मी जेवलो म्हणायच्या आत ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. प्रांजलवहिनी, शेजारधर्म म्हणून आत्तीला वाचून दाखवशील तेव्हा कंसातलं सोडून दे.

तर आत्ती, टाकी घेतली. दिवाळीत तू विहिरीवरून पाणी आणून उंबऱ्यावर मटकन बसलीस, तेव्हा मी विचारलं होतं, दारात टाकी बसवू का, अन् बसवली तर केवढी? तू म्हणालीस, "बसीव दोन खेपांची. तेवढ्यात माजं भागतंय." (बोलताना तुझा हात गुडघ्यावर होता. यष्टीच्या खिडकीत बसलो की मी सगळं विसरतो, पण तो हात नाही विसरलो.)

हल्ली मी टाक्यांच्या दुकानात आहे. (त्याआधी फलटणला रसवंतीवर होतो, त्याआधी कराडला एका हॉटेलात. तिथं एक मांजर होतं, पण ती गोष्ट वेगळी.) दुकानामागं एक मोठी गोल टाकी पडून होती, लिटरचा आकडा उन्हानं उडालेला. शेठ म्हणाला, "किती बसतंय ते मोज, मग बोलू." आता शाळेत गुरुजी गोल भांड्याला 'पाय' घ्या म्हणायचे, एवढं मला पक्कं आठवत होतं. म्हणून मी पायांनीच मोजली, पावलाला पाऊल लावून. (माझं पाऊल बुटासकट बरोबर फूटभर भरतं.) रुंदी आठ, उंची सात. पाय म्हणजे बावीस भागिले सात, हे नंतर मोबाइलवर सापडलं. सगळं गुणलं तर चाळीस हजार लिटर! शेठ म्हणाला, "गड्या, आख्ख्या तालुक्याला आंगूळ घालतोस व्हय रं? रुंदी निम्मी धर, निम्मी!" निम्मी धरली, तर उत्तर निम्मं यावं की नाही? ते आलं पाव. दहा हजार. असं का, ते मला अजून कळलेलं नाही, आणि शेठलाही विचारलं तर तो चहा मागवतो.

पण मी उडीच मारली. आपल्याकडं टँकरची एक खेप पाच हजार लिटरची. दोन खेपा, दहा हजार. खंडोबानंच माप घेऊन ठेवलेलं! टाकी घेतली, परत न करण्याच्या बोलीवर.

मग अंगण मोजून ठेव म्हणायला वहिनीला फोन केला. ती एवढी हसली की तव्यावरची भाकरी करपली. "आवं भावजी, आत्तींची खेप म्हंजी डोस्क्यावर घागर आन कमरंवर कळशी!" म्हणजे दोन खेपांचं झालं साठ लिटर. एक पिंप पुरलं असतं. (वहिनी, इथं पुन्हा हसू नकोस.)

असो. टाकी गुरुवारी टेम्पोनं येतेय. अंगणात मावणार नाही, पण मेंढरं विकल्यापासून वाडगं रिकामंच आहे, तिथं बसवू. टँकर तिथंच भरून जाईल. तू विहिरीची वाट धरायची नाहीस, कळशी उचलायची नाहीस.

तुझा,
मल्हार

ता. क. खोली सोडली. सध्या टाकीतच झोपतो. ऐसपैस आहे. आत एकानं शिंकलं की पाचजण शिंकल्यासारखं वाटतं. त्यामुळं एकटं वाटत नाही, असं लिहिणार होतो.

ता. ता. क. हिशेब पुन्हा केला. तू रोज साठच लिटर वापरणार, म्हणजे भरलेली टाकी पाच महिने सरणार नाही. पाणी शिळं होईल. तेव्हा घरात पाणी पिणारं एक माणूस वाढवणं भाग आहे. ते टेम्पोत पुढं बसून येतंय. दरवेळी मी दारात आलो की तू विचारतेस, "ह्या खेपंला किती दिस?" ह्या खेपेला विचारू नकोस. (वहिनी, एवढा कंस मात्र मोठ्यानं वाच: टेम्पो परत जाताना रिकामा जाईल.)